पटावरून नाव कमी करण्याआधी

शिक्षण वाढलं की गुन्हेगारी आपोआप घटते, हे वाक्य इतक्या व्यासपीठांवरून ऐकू आलंय की त्याचा पुरावा मागायचं आता कुणाच्या मनातही येत नाही. असा पुरावा मागणारा एक माणूस जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. आंद्रे-मिशेल गेरी हा फ्रेंच वकील. फ्रान्सच्या निरनिराळ्या विभागांत गुन्हे किती घडतात आणि तिथून सैन्यभरतीला आलेल्या तरुणांपैकी किती जणांना लिहितावाचता येतं, हे आकडे त्याने शेजारी शेजारी ठेवले, नकाशे रंगवले आणि १८३३ साली ते छापले. अज्ञान हेच गुन्ह्याचं मूळ, असं त्या काळचे सुधारक ठामपणे मानत. गेरीच्या नकाशांत तसं काही दिसेना. जास्त साक्षर भागांत माणसांवरचे हल्ले कमी होते असं नव्हतं, आणि चोरीसारखे मालमत्तेचे गुन्हे तर शिकलेल्या, सधन उत्तरेकडेच जास्त. जिथे चोरण्यासारखं काही असतं तिथेच चोऱ्या होतात, हे त्यामागचं साधं कारण असावं. गंमत म्हणजे त्याच १८३३ साली प्रत्येक गावाने मुलग्यांची प्राथमिक शाळा चालवलीच पाहिजे असा कायदा फ्रान्सने केला. शाळा निघाल्या ते चांगलंच झालं. पण ज्या कारणासाठी पुष्कळांना त्या हव्या होत्या, ते कारण नकाशावर सापडत नव्हतं.

हा घोळ अजून मिटलेला नाही. एका बाजूला ‘शाळा उघडा म्हणजे तुरुंग ओस पडतील’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘शिकलेलेच जास्त लबाड निघतात, खरे हवेत ते संस्कार’ म्हणणारे. दोघेही शाळेकडे काहीतरी आत ओतायचं यंत्र म्हणून पाहतात. एकाला त्यात अक्षरं ओतायची असतात, दुसऱ्याला सद्गुण. मला वाटतं, मुलाने काय पाठ केलं यापेक्षा तो पटावर किती वर्षं टिकला आणि शाळेत त्याच्यावर कुणाचं लक्ष होतं, याचा गुन्हेगारीशी जास्त जवळचा संबंध आहे. आणि म्हणूनच शालेय धोरणातला गुन्हेगारीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय पाठ्यपुस्तक मंडळात होत नाही. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, हजेरीपत्रक समोर ठेवून होतो.

आधी पुराव्याकडे येऊ, कारण या विषयात सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. तुरुंगातल्या कैद्यांचं शिक्षण पाहिलं तर बहुतेक देशांत ते बाहेरच्या लोकांपेक्षा कमी असतं. त्यावरून लगेच निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण तुरुंगात कोण आहे या आकड्यातून गुन्हा कोणी केला एवढंच कळत नाही. कोण पकडला गेला, कोणाला बरा वकील मिळाला नाही, कोणाकडे जामिनाचे पैसे नव्हते, हे सगळं त्यात कालवलेलं असतं. शिवाय ज्या घरातलं मूल शाळा अर्धवट सोडतं त्याच घरात बहुधा बेकारी असते, आजारपण असतं, वस्तीवर पोलिसांचा फेराही जास्त असतो. शाळा सुटली म्हणून मुलगा बिघडला, की ज्या परिस्थितीने शाळा सोडवली तिनेच त्याला तिकडे ढकललं? नुसता तुरुंगाचा आकडा याचं उत्तर देत नाही.

ते मिळालं एका वेगळ्या वाटेने. सरकार एखाद्या वर्षी ठरवतं की शाळा सोडण्याचं किमान वय एका वर्षाने वाढवायचं. त्या तारखेच्या थोडं अलीकडे आणि थोडं पलीकडे जन्मलेली मुलं तशी सारखीच असतात. तेच गाव, तशीच घरं, तेच पोलीस. फरक एवढाच, की एका गटाला कायद्याने आणखी वर्षभर वर्गात बसवलं. पुढे या दोन गटांच्या गुन्ह्यांत फरक दिसला तर तो गरिबीच्या किंवा स्वभावाच्या माथी मारता येत नाही. इंग्लंडमध्ये हे वय १९७२ साली १५ वरून १६ झालं, आणि ज्या पिढीला हा नियम लागला तिच्यात मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा होण्याचं प्रमाण घटलं. स्वीडनने १९४९ ते १९६२ या काळात एकेक नगरपालिका घेत सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं केलं. तिथल्या नोंदी अतिशय काटेकोर असल्याने संशोधकांना माणसागणिक माग काढता आला: शाळेतल्या एका जादा वर्षामुळे पुरुषांना गुन्ह्यात शिक्षा होण्याची शक्यता ६.७ टक्क्यांनी आणि तुरुंगात जाण्याची १५.५ टक्क्यांनी कमी झाली. अमेरिकेत लान्स लॉक्नर आणि एनरिको मोरेत्ती या अर्थतज्ज्ञांनी राज्याराज्यांतल्या अशाच कायद्यांचा आधार घेऊन २००४ साली हिशोब मांडला. माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण नुसतं एका टक्क्याने वाढलं तरी गुन्ह्यांमुळे समाजाचं होणारं वर्षाचं १.४ अब्ज डॉलरचं नुकसान वाचेल, असं त्यांना आढळलं.

यातली एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. ही मुलं शाळेच्या ओढीने थांबलेली नव्हती. जमलं असतं तर ती आदल्याच वर्षी पसार झाली असती. कायद्याने त्यांना जबरदस्तीने बसवून ठेवलं, त्यांतल्या अनेकांनी खिडकीबाहेर बघत ते वर्ष काढलं असेल, आणि तरीही परिणाम दिसला.

मग शाळा नेमकं करते काय? काही अंशी ती नुसता वेळ अडवून ठेवते. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळेला एखाद्या दिवशी सुट्टी असते. मुलं मोकळी, आईवडील कामावर. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन यांनी अमेरिकेतल्या २९ ठिकाणच्या नोंदींत असे दिवस शोधले. शाळा भरलेल्या दिवशी अल्पवयीनांचे मालमत्तेचे गुन्हे १४ टक्क्यांनी कमी होतात. पण त्याच दिवशी त्यांच्यातले मारामारीसारखे हिंसक गुन्हे २८ टक्क्यांनी वाढतात! शेकडो पोरं एका आवारात आली की खुन्नस आहे तो समोर सापडतोच. शाळेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा दुसरा आकडा लपवू नये. मुलांना कोंडून ठेवणं म्हणजे धोरण नव्हे, हे त्यातूनच कळतं.

दुसरा भाग उघड आहे: शिकलेल्याला नोकरी मिळते आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही असतं तो जपून वागतो. पण मला या सगळ्या संशोधनात सर्वांत बोलका वाटतो तो नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा निकाल. तिथे २००२ साली पालकांना हवी ती सरकारी शाळा निवडण्याची मुभा मिळाली आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तिथे सोडत काढली. सोडतीत नाव लागणं हा निव्वळ नशिबाचा भाग, त्यामुळे तुलना चोख. डेव्हिड डेमिंग यांनी सात वर्षांनंतर पाहिलं, तर ज्यांच्या बाबतीत धोका सर्वाधिक होता अशा मुलांत, सोडत जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या मानाने जवळपास निम्मेच गुन्हे केले होते. ही काही आलिशान शाळा नव्हती. तळातल्या शाळेतून सरासरी दर्जाच्या शाळेत गेले, एवढंच. आणि परीक्षेतले गुण? ते म्हणावे तसे वाढलेच नव्हते.

गुण वाढले नाहीत आणि गुन्हे निम्म्यावर आले, हे निकालपत्रावर शाळा तोलणाऱ्यांनी दोनदा वाचावं. मिशिगनमधल्या पेरी बालवाडीची कथाही तशीच आहे. १९६० च्या दशकात गरीब घरांतली १२३ मुलं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली होती. बालवाडीत गेलेल्या मुलांची बुद्ध्यंकातली आघाडी काही वर्षांत विरून गेली. चाळिशीपर्यंत पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचं प्रमाण मात्र त्यांच्यात ३६ टक्के आणि दुसऱ्या गटात ५५ टक्के होतं. ज्या गोष्टीने गुन्हा टळला ती प्रश्नपत्रिकेत विचारली जात नव्हती. घरी येऊन आईशी बोलणाऱ्या बाई, न आलेल्या मुलाची चौकशी, भांडण झाल्यावर दोघांना बसवून घेणारं कोणीतरी: ती बहुधा अशाच कुठेतरी असावी.

आता हीच गोष्ट उलट्या टोकाने पाहू. मूल शाळेतून जातं कसं? एके दिवशी ठरवून शाळा सोडणारी मुलं फार थोडी. आठवी-नववीतला एक मुलगा धरा. गणित दोन वर्षांपूर्वीच सुटलेलं. गणिताच्या दिवशी गैरहजर राहायला लागतो, मग हजेरीपत्रकात लाल शाईच्या खुणांची रांग. एकदा वर्गात कुणाची कॉलर धरतो. ‘पालकांना घेऊन ये, मगच वर्गात बस.’ वडील रोजंदारीवर. त्या दिवशी कामावर गेले नाहीत तर त्या दिवसाचे पैसे गेले. मुलगा घरी सांगतच नाही. सकाळी दप्तर घेऊन निघतो, शाळा सुटायच्या वेळी परततो, आणि मधले सहा तास कुठेतरी काढतो. अशा मुलांची गाठ अशाच मुलांशी पडते, आणि त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या असलेल्यांशीही. महिन्याभराने वडील येतात तेव्हा त्यांना समजुतीच्या सुरात सांगतात, ‘दाखला काढून घ्या, दुसरीकडे टाका, इथे नापास झाला तर त्याचंच नुकसान.’ दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळतो किंवा मिळत नाही. पहिल्या शाळेचा निकाल मात्र त्या वर्षी छान लागतो.

या सगळ्यात कोणी दुष्ट नाही. शिक्षिकेला वर्ग सांभाळायचाय, मुख्याध्यापकांना वरून निकालाचा जाब विचारतात. प्रत्येकजण आपापलं काम करतो आणि एक मुलगा पटावरून उतरतो. म्हणून मी याला धोरणाचा प्रश्न म्हणतो. चांगल्या शिक्षकांच्या कळवळ्यावर सोडून द्यायचा हा विषय नव्हे.

जिथे अशा हकालपट्टीचंच अधिकृत धोरण झालं तिथला अनुभव आपल्यासमोर आहे. अमेरिकेने १९९४ साली कायदा केला की शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर काढून टाकायचं. बंदुकीपुरतं ते समजण्यासारखं होतं. पण ‘गय करायची नाही’ ही वृत्ती तिथे थांबली नाही. उद्धट बोलणं, शिस्तभंग, किरकोळ मारामारी, सगळ्यावर निलंबनाचा एकच उतारा सुरू झाला. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ साली या धोरणाची छाननी केली, तेव्हा त्याने शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडला नाही. पुन्हा शार्लटमध्येच, शाळांच्या हद्दी नव्याने आखल्यामुळे काही मुलं निलंबनाचा बडगा सर्रास वापरणाऱ्या शाळांत गेली. मोठेपणी त्यांच्या अटकेचं आणि तुरुंगवासाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. मुलं तीच होती, बदलली होती ती शाळेची काढून टाकण्याची सवय.

न्यायालयाचंही तेच. शिकागोत अल्पवयीन आरोपींचे खटले न्यायाधीशांकडे चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले जातात. कोणी कडक, कोणी सबुरीचा. ॲना आयझर आणि जोसेफ डॉइल यांनी ३५ हजारांहून जास्त प्रकरणं तपासली. कडक न्यायाधीशाच्या वाट्याला आल्यामुळे जी मुलं कोठडीत गेली, त्यांची माध्यमिक शाळा पूर्ण होण्याची शक्यता १३ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरांमागे १३ जणांनी) घटली आणि प्रौढपणी तुरुंगात जाण्याची २३ टक्के-बिंदूंनी वाढली. कोठडीतून सुटलेली पुष्कळ मुलं शाळेत परतलीच नाहीत. धडा शिकवायला म्हणून पाठवलं होतं!

इथे कोणताही शिक्षक मला थांबवेल आणि विचारेल: एकाला सांभाळता सांभाळता बाकीच्या चाळीस जणांचं काय? हा आक्षेप खरा आहे, आणि समुपदेशनाचे गुळगुळीत शब्द वापरून तो टाळता येत नाही. फ्लोरिडातल्या अलाचुआ परगण्यातल्या शाळांचा अभ्यास सांगतो की घरात हिंसाचार पाहिलेलं मूल वर्गात असलं की इतर मुलांचे वाचनाचे आणि गणिताचे गुण घसरतात, बेशिस्तीही वाढते. वर्गातला त्रास कल्पनेतला नसतो. तो मोजता येतो आणि सोसावा लागतो तो बहुधा गरिबांच्याच शाळांना, कारण अशी मुलं तिथेच एकवटलेली असतात.

पण यावर शाळांना सुचणारा सोपा उपाय, म्हणजे त्रास देणाऱ्या सगळ्यांना गोळा करून एका तुकडीत किंवा एका वेगळ्या शाळेत टाकणं, हा सर्वांत घातक. एकाच वस्तीत राहणारी आणि एकाच शाळेत, एकाच इयत्तेत असणारी मुलं पुढे जोडीने गुन्हा करताना पकडली जातात, हेही शार्लटच्याच नोंदींनी दाखवलंय. ‘ड’ तुकडी करून शाळा स्वतःच टोळीची भरती करून देते. मुलाला त्या तासापुरतं वर्गाबाहेर न्यावं लागेल, कधी आठवडाभर वेगळं बसवावं लागेल. शिक्षिकेला तो हक्क हवाच. मात्र वर्गातून बाहेर काढणं आणि पटावरून काढणं यांत फरक राहिला पाहिजे. वर्गाबाहेर नेलेला मुलगा आवारातच, एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली असेल आणि परत कधी येणार ते त्याला माहीत असेल, तर ती शिस्त. फाटकाबाहेर उभा केला तर ती नुसती कटकट टाळण्याची युक्ती. हा ठरलेला मोठा माणूस फुकट येत नाही. त्याचा पगार अंदाजपत्रकात दिसायला हवा. आधीच पाच वर्गांचे पेपर तपासणाऱ्याच्या गळ्यात आणखी एक जबाबदारी मारून हे होणार नाही.

मूल्यशिक्षणाचा तास हे सगळ्यांचं लाडकं औषध. भिंतीवर सुविचार, परिपाठाला बोधकथा, वर्षातून एकदा पोलीस अधिकाऱ्यांचं भाषण. त्याहून पुढचा प्रकार म्हणजे मुलांना तुरुंग दाखवून, जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावून घेऊन घाबरवणं. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात हे सुरू झालं आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. नंतर अशा अनेक कार्यक्रमांचे चाचणी-निकाल एकत्र केले तेव्हा दिसलं की भीती घातलेल्या मुलांनी, न घातलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे केले.

याच्या शेजारी शिकागोच्या शाळांतला एक उपक्रम ठेवून बघा. आठवड्यातून एक तास, दहा-बारा मुलगे आणि एक प्रशिक्षित माणूस. पहिल्याच सुमारास एक खेळ: जोड्या करायच्या, एकाच्या हातात चेंडू, दुसऱ्याला सांगायचं की अर्ध्या मिनिटात त्याच्या मुठीतून तो काढून घे. सगळी पोरं झटापट करतात, मनगटं पिरगाळतात, बोटं उपटतात. वेळ संपली की तो माणूस विचारतो, ‘कुणी नुसतं मागून पाहिलं का?’ कुणीच मागितलेलं नसतं. मागितला असता तर दिला असता का, असं समोरच्याला विचारलं की बहुतेक जण म्हणतात, दिला असता की, एक चेंडूच तर आहे. डोकं तापलं असताना एक क्षण थांबून समोरच्याच्या मनात काय आहे ते पुन्हा तपासायचं, याचाच सराव वर्षभर चालतो. चाचणीत, उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणारी अटक ४५ ते ५० टक्क्यांनी घटली. चोरी पाप आहे, मारामारी वाईट आहे, असं त्या खोलीत कोणी सांगत नाही. मुलांना ते आधीपासून ठाऊकच असतं.

राहता राहिले शिकलेले गुन्हेगार. एडविन सदरलंड या समाजशास्त्रज्ञाने पांढरपेशा गुन्हेगारीकडे १९३९ सालीच बोट दाखवलं होतं. खोटे ताळेबंद करायला हिशोब यावा लागतो, आणि पतसंस्था बुडवणारा काही शाळा सोडलेला नसतो. मान्य. शाळा माणसाला सज्जन करते असा माझा दावाच नाही. पंधरा ते पंचवीस या वयात, रस्त्यावर, टोळक्यात जे गुन्हे घडतात आणि ज्यांत बळीही बहुतेक त्याच वस्तीतले असतात, त्यांच्यापुरतं मी बोलतोय. ताळेबंदाचे गुन्हे लेखापरीक्षकांनी आणि कायद्याने पकडावेत. त्यांचं ओझं नववीच्या वर्गशिक्षिकेवर टाकू नये.

मग इतकं कळूनही हे होत का नाही? खर्च शिक्षण खात्याचा आणि बचत गृह व तुरुंग खात्याची, तीही पंधरा-वीस वर्षांनी. आज पैसे देणारा मंत्री तेव्हा खुर्चीत नसतो. तुरुंगाची नवी इमारत फीत कापून दाखवता येते. न घडलेल्या चोरीचं उद्घाटन करता येत नाही. तुरुंगातल्या शिक्षणाचंही असंच झालं. ज्या १९९४ साली अमेरिकेने शाळांतून हकालपट्टीचा कायदा केला, त्याच वर्षी कैद्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारं सरकारी अनुदानही बंद केलं. दोन्ही टोकांची दारं एकदमच लावली. तुरुंगात शिकलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के-बिंदूंनी कमी असतं, असं रँड या संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं. अनुदान पूर्ववत सुरू व्हायला २०२३ उजाडलं.

खात्यांचा हिशोब बदलायला वेळ लागेल. शाळांचा हिशोब मात्र एका परिपत्रकाने बदलता येतो. निकालाची टक्केवारी काढताना छेदात परीक्षेला बसलेली मुलं धरतात. त्याऐवजी माध्यमिकच्या पहिल्या वर्षी ज्यांची नावं पटावर होती ती सगळी धरावीत. दाखला घेऊन गेलेला मुलगा दुसऱ्या शाळेत खरोखर बसायला लागल्याची नोंद येईपर्यंत पहिल्याच शाळेच्या खात्यावर राहावा. निलंबनाचे दिवस आणि त्यामागची कारणं शाळेने दरवर्षी जाहीर करावीत. शाळा याला विरोध करतील, आणि त्यात तथ्यही असेल, कारण नुसता छेद बदलला तर सगळी शिक्षा गरीब वस्तीतल्या शाळांनाच होईल. म्हणून ज्या मुलाचं नाव गळण्याच्या बेतात आहे ते टिकवण्यासाठी शाळेला वेगळा निधी हवा, आणि तो वर्ष सुरू होताना हातात पडायला हवा. गैरहजेरीच्या लाल खुणा दिसायला लागतात त्या पहिल्या सहामाहीत. मार्चअखेर आलेल्या पैशांतून तेव्हा त्या मुलाच्या घरी जाणारा माणूस नेमता येत नाही.